आधी निदान, मग निर्लेखन



"संगणक बिघडलाय" हे वाक्य आपल्या शाळांमध्ये फार सहज बोललं जातं. एकदा ते बोललं गेलं की त्या संगणकावर कापड पडतं, खोलीला कुलूप लागतं आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तो 'एक नग' म्हणून वर्षानुवर्षं जगत राहतो. कधीतरी निर्लेखनाच्या यादीत त्याचा नंबर लागतो. तोपर्यंत पहिलीला आलेलं मूल पाचवी पास होऊन निघूनही गेलेलं असतं, की-बोर्डला बोट न लावता.

'बिघडला' ही तक्रार झाली, निदान नव्हे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. आणि निदानाचं काम, जेवढं सुरक्षितपणे करता येईल तेवढं, मुलांच्या समोर आणि मुलांना बरोबर घेऊन व्हायला हवं. तापून बंद पडणारा आणि मग सुरूच न होणारा डेस्कटॉप हा आपल्या नवी मुंबईतल्या शाळांचा नेहमीचा रुग्ण आहे. त्याच्याइतका चांगला पाठ आयता मिळत असताना आपण तो कुलपात का ठेवायचा?

डी.एड.ला आपण सगळ्यांनी 'नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन' घोकलेलं आहे. मूल भागाकारात चुकतं म्हणजे नेमकं कुठे चुकतं? पाढा येत नाही, वजाबाकी चुकते, की भागाकारात शून्य लिहायचा राहतो? हे शोधल्याशिवाय उपचार सुरू करायचा नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण टेबलावरचं यंत्र बंद पडलं की आपण हा धडा बाजूला ठेवतो आणि थेट निकाल देऊन मोकळे होतो.

उष्णता येते कुठून?

साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर पूर्ण जोराने काम करत असेल तर साधारण ६५ वॅट वीज खातो. ज्यांनी जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब वापरला आहे त्यांना त्याचा चटका आठवत असेल. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि तीही नखाएवढ्या चिपमध्ये. ती बाहेर काढण्यासाठी चिपवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक असतो, हीटसिंकवर पंखा असतो आणि चिप व हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो.

ही पेस्ट कशाला, असं मुलं हमखास विचारतात. त्यांना पोळी आठवायला सांगा. पोळीचा जो भाग तव्याला टेकत नाही, तो कच्चा राहतो. चिप आणि हीटसिंक आपल्याला सपाट दिसतात, पण त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खाचखळगे असतात. तिथे हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंदवाहक. पेस्ट त्या फटी भरून काढते. काही वर्षांनी ती वाळते, खडूच्या चुऱ्यासारखी होते आणि मग तवा आणि पोळी पुन्हा एकमेकांना नीट टेकत नाहीत. पुढे हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी साचली की पंखा फिरत असूनही वारा आरपार जात नाही. उच्च प्राथमिकच्या विज्ञानात आपण वहन आणि अभिसरण शिकवतो ना? ते दोन्ही या एका पेटीत एकावर एक रचून ठेवलेले आहेत.

तापमान मर्यादेबाहेर जायला लागलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून तापलेला संगणक आधी 'हळू' होतो. तरीही पारा चढत राहिला, तर तो संगणक बंद करून टाकतो. बहुतेक प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अचानक बंद होणं हा अनेकदा यंत्राने स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न असतो. तापाने फणफणलेलं मूल बाकावर डोकं टेकतं, तसंच.

आणि ही आजची गोष्ट नाही. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि निर्वात नलिका तापल्याशिवाय काम करतच नाही. आज ऐरोली, रबाळे, महापे भागातून जाताना मोठमोठी डेटा सेंटर दिसतात. तिथेही विजेचा मोठा हिस्सा संगणक थंड ठेवण्यावर खर्च होतो. म्हणजे आपल्या शाळेतल्या संगणकाचा प्रश्न आणि त्या काचेच्या इमारतींचा प्रश्न एकाच जातीचा आहे. हे मुलांना सांगून बघा, त्यांचे डोळे कसे चमकतात ते.

आपल्याकडेच जास्त का?

खाडीचा दमट, खारा वारा आपल्याला बारा महिने आहे. पारसिकच्या डोंगररांगेत वर्षानुवर्षं दगडखाणी चालल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. सिडकोच्या काळातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास वाशी-नेरूळकडे सुरू आहे. ही सगळी धूळ दमट हवेत नुसती बसत नाही, चिकटते. त्यात आपली घरची भर म्हणजे खडूची भुकटी आणि कोरड्या केरसुणीने काढलेला संगणक खोलीचा केर.

दुसरं कारण आपल्या सवयींमध्ये आहे. ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो ती पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात, मागची बाजू भिंतीला टेकवून ठेवलेली असते. काही ठिकाणी तर संगणक चालू असतानाही वर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच असतं, 'धूळ बसू नये म्हणून'! हेतू चांगला, पण मे महिन्यात एखाद्याला रेनकोट घालून उन्हात उभं केल्यासारखं आहे ते.

तिसरं कारण शाळेच्या दिनदर्शिकेत आहे. उन्हाळी सुट्टीत संगणक साधारण दीड महिना बंद राहतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस आलेला असतो, हवेत ओल असते. आणि आपण पहिल्याच दिवशी ऑनलाइन माहिती भरायची म्हणून थेट बटण दाबतो. शिवाय शाळा मतदान केंद्र असेल तर निवडणुकीला खोल्या रिकाम्या करताना संगणकांची उचलाउचल होते. अनेक संगणकांत हीटसिंक प्लॅस्टिकच्या चार पिनांवर अडकवलेला असतो. धक्क्याने एक पिन जरी सुटली, तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो. बाहेरून काहीही दिसत नाही, पण सुरू केल्यावर थोड्याच वेळात संगणक बंद.

आधी तक्रार नीट विचारा

डॉक्टर जसं विचारतात, "कधीपासून? किती वेळाने? कशाने बरं वाटतं?", तसं विचारायचं. 'सुरू होत नाही' याचे कितीतरी प्रकार असतात. मी वर्गात हा क्रम फळ्यावर लिहिते:

१. काहीच होत नाही, दिवाही लागत नाही. मग आधी सॉकेट बघा. त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस आणि पेटीच्या मागे असलेलं एसएमपीएसचं छोटं बटण तपासा. मॉनिटरची वायर बहुतेकदा तशीच असते, ती अदलाबदल करून बघा. एवढं करूनही शांतता असेल तर एसएमपीएसवर संशय.

२. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण पडदा काळा. मग मॉनिटरचा दिवा आणि त्याची केबल बघा. 'बीप' ऐकू येते का, किती वेळा, ते मोजून लिहा. त्यानंतर संशय रॅमवर. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर जमतो. ती काढून, स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवल्यावर संगणक सुरू झाल्याची उदाहरणं दुरुस्तीच्या दुकानात रोज घडतात.

३. सुरू होतो आणि काही सेकंदांत बंद पडतो. मग हीटसिंक सुटलाय का, प्रोसेसरचा पंखा फिरतोय का, हे आधी बघायचं. तिथे काही सापडलं नाही तर एसएमपीएस किंवा बोर्ड.

४. दहा-पंधरा मिनिटं चालतो, मग बंद पडतो, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. हे उष्णतेचं सगळ्यात खात्रीचं लक्षण.

५. सुरू होतो, पण तारीख चुकीची दाखवतो आणि एफ१ दाबा म्हणतो. इथे बहुधा आतली नाण्यासारखी तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. ती काही रुपयांत मिळते. आणि याच संगणकाला 'व्हायरस लागलाय' म्हणून बाजूला ठेवलेलं असतं!

या यादीत एक बारकावा आहे, तो मुलांना जरूर दाखवा. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी अजिबात सुरू होत नसेल, तर त्या क्षणी तो तापलेला असूच शकत नाही. तेव्हा 'तापतो म्हणून बंद आहे' हे निदान चुकीचं ठरतं. मात्र आधीच्या तापण्यामुळे एखादा भाग कायमचा गेला असेल, हे शक्य आहे. उदाहरणार्थ, बोर्डावरचे छोटे डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले दिसतात. कारण आणि परिणाम यांतला हा फरक मोठ्यांनाही पटकन लक्षात येत नाही. पाचवीतल्या मुलांना येतो, कारण ते प्रश्न विचारायला लाजत नाहीत.

मुलांनी केलेलं निदान

एक संगणक बंद पडत होता. दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या बघून सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेलंय, नवीन घ्या." मी मुलांना घड्याळ आणि वही दिली. फक्त नोंद करायची, पेटीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा संगणक बारा मिनिटं चालला. लगेच पुन्हा सुरू केला तर पाच मिनिटं. तिसऱ्यांदा तीनच. मधली सुट्टी झाल्यावर सुरू केला, तर पुन्हा अकरा मिनिटं.

"बोर्ड गेलं असतं तर सुट्टीनंतर परत कसं आलं?" एका मुलीने विचारलं. एवढ्या प्रश्नाने अर्धं निदान झालं. मग मागच्या जाळीसमोर कागदाची पातळ पट्टी धरली. ती हललीच नाही. पंखा फिरल्याचा आवाज येतोय, पण वारा बाहेर येत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी अडलंय. वायर काढून, झाकण उघडून बघितलं तर हीटसिंकवर राखाडी धुळीचा नमदा! मऊ ब्रशने तो काढला. नवीन पेस्ट एका जाणकार पालकांनी लावून दिली. पुढे त्याच संगणकावर मुलांनी सहलीचं वर्णन टाइप केलं.

हा चमत्कार नव्हता आणि दरवेळी असंच होईल असंही नाही. कधी बोर्ड खरंच गेलेलं असतं. पण तेव्हाही ते 'कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असायला हवं.

लक्ष्मणरेषा

काही गोष्टींत मात्र तडजोड नाही. झाकण उघडण्याआधी वायर सॉकेटमधून पूर्ण काढायची आणि नंतर सुरू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. एसएमपीएसची पेटी कोणीही, अगदी शिक्षकांनीही, उघडायची नाही. वायर काढली तरी तिच्या आत वीज साठून राहू शकते. ओलं फडकं नाही, ओले हात नाहीत. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं पेन्सिलीने अडवून धरा, नाहीतर पंखा वाऱ्याने गरगर फिरून खराब होतो. रॅमला हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज निघून जाते. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लावली म्हणजे जास्त थंड, असं होत नाही. आणि वॉरंटीचं सील असेल तर झाकणाला हात लावूच नका. वेळ मोजणं, आवाज ऐकणं, कागदाची पट्टी धरणं हे सील न तोडताही करता येतं.

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबलं की बायोसमध्ये बहुधा प्रोसेसरचं तापमान दिसतं. काहीही काम नसताना तिथला आकडा ८०-९० च्या पुढे चढतच चालला, तर हीटसिंक, पेस्ट किंवा पंखा यांपैकी एकाचा दोष जवळजवळ नक्की. दर मिनिटाला तो आकडा लिहून घेतला की गणिताच्या तासाला आलेख काढायला खरीखुरी माहिती मिळाली.

आणि पेटीत पाल, मुंग्या सापडल्या तर किंचाळू नका. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. नोंद ठेवणारे लोक असे असतात.

"पण हे आमचं काम आहे का?"

हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. यू-डायस, निवडणूक, वेगवेगळी पोर्टल, सर्वेक्षणं यांतून शिकवायलाच वेळ उरत नाही. त्यात आता पंखे पुसायचे का? मी शिक्षकांनी दुरुस्ती करावी असं म्हणतच नाही. माझं म्हणणं आहे की आपण निदानाची पहिली पायरी चढावी. "चालत नाही" असं सांगून बोलावलेला दुरुस्तीवाला आणि "बारा मिनिटांनी बंद पडतो, थंड झाल्यावर चालतो, मागून वारा येत नाही" असं सांगून बोलावलेला दुरुस्तीवाला, या दोघांच्या बिलात फरक पडतो. पहिल्याला आपण कोरा चेक देतो.

दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा. तो पूर्ण मान्य. म्हणूनच मुलांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर नको, वही हवी. निरीक्षण, नोंद, अंदाज हे त्यांचं काम. उघडणं आणि जोडणं मोठ्यांचं.

वरिष्ठांनाही एक विनंती आहे. नवीन संगणकासाठी योजना निघतात, आलेल्या संगणकाच्या देखभालीसाठी मात्र सादिलातून शेदोनशे रुपये काढायलाही दहादा विचार करावा लागतो. उद्घाटनाचा फोटो निघतो, पंखा पुसल्याचा निघत नाही. एक ब्रश, थर्मल पेस्टची एक ट्यूब आणि एक सीआर२०३२ बॅटरी एवढं सामान प्रत्येक संगणक खोलीत असावं. नवी मुंबईत आयटीत काम करणारे पालक कमी नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यातल्या एखाद्याला बोलावलं तर बरंच काम होईल.

एवढं करूनही संगणक गेलाच असेल, तर जरूर निर्लेखन करा. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले आहेत. त्यामुळे तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर न जाता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. पण निर्लेखनाच्या प्रस्तावात 'नादुरुस्त' एवढाच शब्द नको. काय तपासलं, काय सापडलं, हे दोन ओळींत लिहिलेलं असावं.

यातून मुलं काय शिकतात?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर आणि रॅम दोन्ही एकदम बदलले आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आधी सोपं आणि फुकटचं तपासायचं, मग अवघड आणि महागाचं. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, समोर 'नाही' लिहून पुढे जायचं. "मला माहीत नाही, तपासून बघू" हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकणं मुलांसाठी फार मोठं असतं. आपल्या फळ्यावर उत्तर नेहमी तयार असतं. इथे ते तयार नसतं, शोधावं लागतं.

आणि ज्या मुलांनी 'बिघडला' म्हणून टाकून दिलेल्या यंत्रामागचं साधं कारण स्वतः शोधलंय, ती मुलं एकमेकांनाही पटकन 'ढ' म्हणत नाहीत. निदान माझ्या वर्गात तरी त्यानंतर "त्याला येत नाही" ऐवजी "त्याचं कुठे अडतंय?" हा प्रश्न मी जास्त वेळा ऐकला. पालकांनीही घरी हा प्रश्न विचारून बघावा, संगणकाबद्दलही आणि प्रगतिपत्रकाबद्दलही.

आता एक छोटंसं काम. प्रत्येक संगणकाला दोऱ्याने एक वही बांधा. तारीख, काय झालं, किती मिनिटांनी झालं, काय करून बघितलं असे चार रकाने आखा. भरायचं काम आठवड्याच्या मॉनिटरकडे द्या. दुरुस्तीवाला आला की आधी ती वही त्याच्या हातात ठेवा.